टॅमसिन ऑर्ड नावाची बाई

ओडेट ग्रेलचं शेवटचं पुस्तक बर्निस डोब्कोने शाळेच्या बसमध्ये बसून संपवलं. मुलांना शाळेत सोडून झालं होतं, परत न्यायला अजून वेळ होता, बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि हीटर घरघरत होता. तळ्याखालच्या राज्याचा नावाडी-राजा आणि मीठ चोरून नेणारी ती पोरगी, दोघांचं एकदाचं लग्न लागलं. शेवटच्या पानावर ग्रेलबाईंनी लिहिलं होतं की यापुढे आपण लिहिणार नाही, वाचकांनी माफ करावं. बर्निसने ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. तिचा विश्वास बसला नाही. एवढं चांगलं चाललेलं असताना कोण थांबतं? नक्कीच प्रकाशकाशी भांडण झालं असणार.

बर्निसचा स्वभावच तसा. अंड्यांचा खोका उघडून एकेक अंडं फिरवून पाहिल्याशिवाय ती घेत नसे. हवामानखात्याने ऊन सांगितलं की गाडीत फावडं टाके. सास्काचेवानच्या त्या सपाट मुलुखात, हार्टलीसारख्या चार रस्त्यांच्या गावात बस चालवून तिची वीस-बावीस वर्षं गेली होती आणि एकदाही बस खड्ड्यात गेली नव्हती, याचं श्रेय ती या संशयालाच देत असे.

नवी लेखिका शोधायची म्हटल्यावर तर तिचा संशय दुप्पट झाला. दुकानातल्या प्रत्येक पुस्तकावर लिहिलेलं, 'ओडेट ग्रेल आवडते? मग हे वाचाच!' बर्निस म्हणे, सगळ्याच जर ग्रेलसारख्या असतील तर ग्रेल कशाला हवी होती? पूर्वी एकदा ती फसलीही होती. पंखवाल्या सेनापतीची एक गोष्ट होती, दोन भाग वाचून झाले, सेनापती कैदेत पडला, आणि लेखिकेने तिसरा भाग लिहिलाच नाही. तो बिचारा अजून कैदेतच होता.

"अगं, पुस्तक शोधतेयस, जावई नाही," तिचा नवरा ऑर्विल म्हणाला. तो स्वयंपाकघरात बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी तळत होता.

"जावई बिघडला तर पोरीला घरी आणता येतं," बर्निस म्हणाली. "हे एकदा डोक्यात शिरलं की बाहेर कसं काढायचं, तू सांग."

'ग्रेलच्या लेकी' नावाचा इंटरनेटवर एक गट होता. देशभरच्या बायका तिथे जमून राजे, शाप आणि चुंबनं यांवर तावातावाने बोलत. बर्निस तिथे 'बसवाली' या नावाने लिही. तिचा शब्द मानला जाई, कारण ती सहजासहजी कुणाची स्तुती करत नसे. त्याच गटात कुणीतरी टॅमसिन ऑर्डचं नाव काढलं.

बर्निसने पहिला भाग मागवला. तिच्या नेहमीच्या पद्धतीने आधी शेवटचं पान वाचलं, मग मधलं एक, मग सुरुवात. दलदलीत दिवे लावणारी एक विधवा आणि बोलायचं विसरलेला एक राक्षस, अशी गोष्ट. ती बसमध्ये वाचत बसली आणि राक्षस त्या विधवेचं नाव पहिल्यांदा उच्चारतो तिथे आली, तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. शाळेच्या पायरीवरून एक मास्तरीण हात हलवत होती, तिला हात करायचंही बर्निसला सुचलं नाही.

घरी आल्यावर तिने या टॅमसिनबाईंची माहिती शोधली आणि सावध झाली. एकाच वसंतात तीन पुस्तकं! कुठे मुलाखत नाही, गावाचं नाव नाही, संकेतस्थळावर फक्त एक छोटासा फोटो. बर्निसने चष्मा लावून फोटो मोठा केला. डाव्या कानाची पाळीच नव्हती. उजव्या कानात डूल, डावा कान मध्येच संपलेला, चुरगळल्यासारखा.

"ऑर्विल, इकडे ये. हा कान बघ."

ऑर्विलने पाहिलं. "कान आहे."

"हा कान नाही. ही बाईच नाही! कृत्रिम बुद्धीच्या यंत्राने बनवलेला फोटो आहे हा. यंत्रांना कान जमत नाहीत, बोटं जमत नाहीत. आणि पुस्तकंही त्यानेच लिहिलीत. तीन-तीन!"

"पण तू तर रडलीस म्हणालीस."

तेच तर तिला सहन होत नव्हतं. कुठल्यातरी कंपनीच्या तळघरातल्या डब्याने आपल्याला रडवलं, आपण बसमध्ये बसून गळे काढले, याचा तिला भयंकर राग आला होता. त्या रागातच तिने गटावर लिहिलं: 'टॅमसिन ऑर्ड नावाची बाई अस्तित्वात नाही. कान बघा.' खाली फोटो चिकटवला.

मग काय! गट पेटला. कुणी म्हणे, मला आधीच शंका होती. कुणी म्हणे, तो राक्षस फारच गुळगुळीत बोलतो. बायकांनी पुस्तकं परत केली, जिथे जमेल तिथे पाचपैकी एकच तारा देऊन ठेवला. ज्यांनी वाचलंही नव्हतं त्यांनीही दिला. काही दिवसांनी तो फोटोही नाहीसा झाला. 'बघा, घाबरले,' बर्निसने लिहिलं. तिला समाधान वाटलं, पण पूर्ण नाही. तिने स्वतः मात्र दुसरा भाग हळूच मागवला होता. बसच्या कप्प्यात ठेवला होता आणि थोडा थोडा वाचत होती. पुरावा गोळा करतेय, असं ती स्वतःला सांगत होती.

फेब्रुवारीच्या शेवटी वाचनालयातल्या जिनेटचा फोन आला.

"बर्निस, शनिवारी दुपारी ये. टॅमसिन ऑर्ड येतेय वाचन करायला."

"कोण येतेय?"

"अगं, आपल्या जवळचीच निघाली. कार्लो फाट्याच्या पलीकडे टर्की पाळते. तिच्या मावशीने मला सांगितलं."

"भाड्याने आणतील कुणालातरी," बर्निस म्हणाली.

"हार्टलीला? भाड्याने?" जिनेट हसतच सुटली.

बर्निस गेली. ऑर्विलही आला, कारण जिनेट बटर टार्ट नावाच्या गोड वाट्या करणार होती. दहा-बारा खुर्च्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या. पुढे एक चाळिशीची बाई बसलेली, जाडजूड स्वेटर, बुटांना भुसा लागलेला, केस मागे बांधलेले. डाव्या कानाला पाळी नव्हती.

बर्निस मागच्या रांगेत बसली. कान पाहूनही तिचं मन तयार होईना. एखादी कान तुटलेली बाई शोधून आणायला कितीसा वेळ लागतो? बाईने दोन पानं वाचून दाखवली, हळू आवाजात, अडखळत. स्वतःचं लिहिलेलं माणूस असं अडखळत वाचेल? वाचन संपल्यावर बर्निसने हात वर केला.

"दुसऱ्या भागात त्या विधवेची बहीण येते. स्वयंपाकघरात भाकरी भाजायला बसते. पुढे ती कुठे जाते?"

बाईने पुस्तक मिटलं. मग तिच्या मानेपासून कपाळापर्यंत लाली चढत गेली. ती सगळ्यांना दिसली.

"अरे देवा," ती म्हणाली. "ती तिथेच राहिली. ते लिहीत होते तेव्हा आई आजारी पडली. बरेच महिने काही लिहिलंच नाही. परत बसले तेव्हा बहीण आहे हेच विसरले. तुम्हीच पहिल्या, हे पकडणाऱ्या."

लोक हसले. बर्निस हसली नाही; अशी लाल झालेली मान भाड्याने मिळत नाही, हे तिला कळून चुकलं.

त्या बाईचं खरं नाव लुआन फ्रीसन. आईची सेवा करता करता बारा वर्षांत तीन पुस्तकं लिहिली होती. आई होती तोवर कुणाला दाखवली नाहीत, कारण आईला असल्या गोष्टी पाप वाटत. आई गेल्यावर तिन्ही एकदम छापली. हे सगळं तिने जिनेटच्या प्रश्नांना उत्तरं देताना सांगितलं. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने सरळ विचारलं, "कानाला काय झालं गं?"

"सहा वर्षांची असताना आमच्या कुत्र्याने तोडला," लुआन म्हणाली. "मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण मध्ये कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं की हा कान माणसाचा नाहीच, यंत्राचा आहे. मग मी फोटो काढून टाकला. पुस्तकंही जवळजवळ बंद पडली. कोण बाई होती कोण जाणे. बसवाली म्हणून लिहिते."

हार्टलीत बस चालवणारी बाई एकच. जिनेट टेबलावरचे कागद सारखे करायला लागली. ऑर्विलच्या तोंडातला टार्टचा घास तसाच राहिला.

बर्निस उभी राहिली. "मी," ती म्हणाली. "मीच ती."

लुआनने तिच्याकडे पाहिलं. रागावली असावी. ओठ आवळलेले होते. मग तिने मान वळवली आणि केस आणखी मागे सारले.

"या. जवळून बघा."

आणि बर्निस खरंच गेली. रोज सकाळी बसची चाकं पाहते तशी वाकून तिने तो कान पाहिला. जुना पांढरा व्रण होता, दाताची खूणही होती.

"कुत्राच," ती म्हणाली. मग हळूच, फक्त तिलाच ऐकू जाईल असं, "मी रडले होते पहिलं वाचून. म्हणून लिहिलं तसं."

"हा काय न्याय झाला?"

"नाही झाला."

त्याच संध्याकाळी बर्निसने गटावर सगळं लिहिलं. बाई खरी आहे, मी भेटले, कान कुत्र्याने तोडलाय, चूक माझी. उत्तरं भराभर आली. 'किती पैसे मिळाले, बसवाली?' 'मैत्रीण निघाली वाटतं.' 'तू तरी खरी आहेस कशावरून?' चिडून ती काहीतरी लिहायला गेली आणि थांबली. त्यांच्या जागी असती तर तिनेही हेच लिहिलं असतं. दोन दिवसांनी तिला गटातून काढून टाकलं. त्यातल्या दोघी-तिघींनी मात्र गुपचूप पुस्तकं पुन्हा मागवली, तसं तिला कळवलं. बाकीचे तारे होते तिथेच राहिले. फोटोही परत लागला नाही. लुआन म्हणाली, त्याशिवायच बरं वाटतं.

लुआन तिच्याशी लगेच मोकळी झाली नाही. पण एप्रिलमध्ये रस्ते चिखलाचे झाले, तिची गाडी फाट्यावर रुतली आणि रिकामी बस घेऊन चाललेल्या बर्निसने थांबून फावड्याने चाकं मोकळी करून दिली. दोघी घामाघूम होऊन बसच्या पायरीवर बसल्या, थर्मासमधली कॉफी वाटून घेतली.

"तिन्ही वाचून झालीत माझी," बर्निस म्हणाली. "चौथं कधी?"

"वेळ लागेल. बहिणीला आधी स्वयंपाकघरातून बाहेर काढते." लुआनने कॉफी फुंकली. "तोवर मेव्ह स्केरिट वाचा. न्यूफाउंडलंडची आहे. सीलच्या कातडीतून बाहेर येणाऱ्या एका खलाशाची गोष्ट आहे."

"तुमच्या नात्यातली?"

"नाही."

"ओळखीची?"

"नाही हो. कधी भेटलेही नाही."

"मग तिचं नाव का सांगताय?"

"कारण चांगलं लिहिते!" लुआन हसायला लागली.

बर्निसने कॉफी संपवली, कप झटकला. नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं, कसं लिहायचं तेही. सोमवारी वाचनालयात गेली आणि जिनेटला म्हणाली, "एकच मागव. पहिलं. आणि मालिका पूर्ण झालीय का, ते आधी विचार."