पेंढ्यावरची काकडी

जुलैच्या मध्यावर मेंग गिल्सुनच्या परसात काय काय चाललं होतं, ते आधी सांगतो. लसूण आणि बटाटे काढून झाले होते. ती जमीन हिवाळी कोबीसाठी मोकळी ठेवली होती. काठ्यांना बांधलेल्या मिरच्यांवर खालून पहिली लाली चढत होती. मक्याच्या कणसांचे केस तपकिरी पडले होते. भाजलेलं मांस गुंडाळून खायची पेरिलाची पानं खुडावीत तेवढी दुप्पट फुटत होती. आणि कुंपणापाशी, बांबूच्या मांडवावर, काकडीचा एकुलता एक वेल होता.

हे बी तिच्या सासूचं. काकडी आखूड, जाड, देठापाशीही कडू नाही. बाजारातली रोपं देखणी, पण त्यांचं बी धरलं तर पुढच्या वर्षी काय येईल याचा नेम नाही. म्हणून गिल्सुन दरसाल एक चांगली काकडी वेलावरच पिकू देते आणि तिचं बी राखते. गेल्या वर्षी पाऊस लांबला आणि ती काकडी सडली. यंदा डब्याच्या तळाचं जुनं बी पेरलं, त्यातला हा एवढाच वेल जगला. त्याच्या बुडाशी तिने एक काकडी राखली होती. मातीला टेकू नये म्हणून खाली पेंढा घातला होता. आमच्या ग्वेसान भागात पेंढ्यावरच्या काकडीला कुणी हात लावत नाही. शेजारची पोरंसुद्धा नाहीत.

सुट्टीला राजधानीतून, सोलहून, नणंद आली, ताक ग्योंगजा. याच घरात जन्मलेली. दर उन्हाळ्यात येते, अंगणात मांस भाजून खाते आणि जाताना गाडीची डिकी भाजीनं भरून नेते. भरायची अर्थातच वहिनीने.

त्या दिवशी गिल्सुन तिळाचं तेल काढायला घाण्यावर गेली होती. दुपारी परतली तर जेवण मांडलेलं.

"बसा वहिनी, आज सगळं मी केलंय."

मधोमध पिकल्या काकडीची कोशिंबीर होती. सोललेली, मीठ लावून पिळलेली, गोचुजांगमध्ये, म्हणजे आंबवलेल्या मिरचीच्या वाटणात, लालभडक कालवलेली. या दिवसांत ती घरोघर होतेच. गिल्सुनने हातात घेतलेल्या जेवणाच्या काड्या तशाच राहिल्या.

"ही काकडी कुठली?"

"तुमच्याच मांडवाखालची. पिकून पार म्हातारी झाली होती. तुमचं लक्ष असतं कुठे? मी नसते तर वायाच गेली असती."

"पेंढ्यावरची?"

"हो, मजेत लोळत पडली होती." ग्योंगजाने घास घेतला. "दादा, खाऊन बघ. अगदी आईच्या हातची चव!"

दादा, म्हणजे गिल्सुनचा नवरा जोंगमान, चावता चावता थांबला.

"आणि बी?" गिल्सुनने विचारलं.

"गर खरवडून कोंबड्यांना टाकला. तुटून पडल्या मेल्या."

गिल्सुन खुराड्यापाशी जाऊन आली. जमीन चाटूनपुसून साफ होती.

"वन्सं, ते तुमच्या आईचं बी होतं. शेवटचं."

"मग सांगायचं नाही का? एखादी चिठ्ठी लावायची."

"चिठ्ठी? पेंढा कशाला घालतात ते तुमच्या आईनं मला शिकवलं. मी तर परक्या गावची. तुम्ही इथे वाढलात."

"एवढं काय त्यात! बाजारात रोपं मिळतात. मी देते पैसे."

"ठेवा आत."

"अगं, पाहुणी आहे ती," जोंगमान पुटपुटला.

"पाहुणी असती तर विचारून तोडली असती."

संध्याकाळी ग्योंगजा निघाली. डिकी उघडी होती. गिल्सुन मांडवावर वाकलेली होती. वेलाच्या शेंड्याला बोटाएवढी एक काकडी धरली होती, टोकाला फूल अजून चिकटलेलं. बाकीच्या सगळ्या कोवळ्या काकड्या आणि कळ्या ती खुडून टाकत होती, वेलाचा जोर एकीकडेच जावा म्हणून.

"अगं, डिकी भरायचीय ना?" जोंगमानने विचारलं.

"भरा की. मिरच्या न्या, मका न्या. बहीण तुमची आहे. मांडवाला मात्र हात लावायचा नाही."

जोंगमानने आयुष्यात पेरिला खुडली नव्हती. त्याने झाडंच मुळासकट उपटून डिकीत कोंबली.

"एका काकडीसाठी एवढा राग!" ग्योंगजा गाडीतून म्हणाली.

कांद्याच्या जाळीची पिशवी त्या बोटभर काकडीभोवती बांधून गिल्सुनने गाठ आवळली.

पाऊस वेळेवर उघडला तर सप्टेंबरात बी हाती येईल. नाही तर ग्योंगजाला आईच्या हातची चव बाजारात शोधावी लागेल.