तीन वाजता चावणारे बूट

टाचणीने माझे बूट माझ्याच स्वयंपाकघरात उभे चिरले, त्या दिवशी मंगळवार होता आणि दुपारचे साडेचार वाजले होते. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण मी रोज डायरी लिहिते. लग्नाआधीपासून लिहिते आणि हे गेल्यावरही एक दिवस चुकलेला नाही. 

ती कोण ते आधी सांगते. टाचणी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. शिडशिडीत, ताठ, आणि तोंड उघडलं की टोचणारी, म्हणून हे नाव. खरं नाव मतदारयादीत असेल तेवढंच. नवरा मालवाहू ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. ती स्वतः सोळा वर्षं बुटांच्या कारखान्यात शिलाईवर होती. कारखाना बंद झाला तेव्हा बाकीच्या बायका फाटकाशी रडत बसल्या. ही आत गेली आणि मोडीत निघालेलं एक शिलाईयंत्र व फर्म्यांची दोन पोती हातगाडीवर घालून घरी आली. फर्मा म्हणजे लाकडी पाऊल, त्यावर चढवून बूट शिवतात. पुढच्याच आठवड्यात तिने जिन्याखालची खोली भाड्याने घेतली आणि दारावर पाटी रंगवली, 'मापाचे बूट'.

तिचं काम घड्याळावर चालायचं. सकाळी आठ ते अकरा माप, अकरानंतर दार लोटून शिवण. कारखान्यातली शिस्त तशीच इथे आली होती. आम्हा बायकांनाही ती वेळ सोयीची, घरातली माणसं कामाला गेलेली आणि अजून अंगात तरतरी. मी पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरले.

"काकू, पाय सगळा टेका. अंगठा चोरू नका, मी काही तो कापून घेत नाही."

"तुझा काय नेम!" मी म्हटलं.

आठ दिवसांनी बूट तयार झाले. तपकिरी, नाडीचे, टाके असे की एखाद्या मुलीने बक्षिसासाठी भरतकाम करावं. मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

"छान झालेत ना, काकू?"

"अगं, फुलासारखे बसलेत!"

पहिल्या चार महिन्यांत आमच्या इमारतीत आणि समोरच्या ओळीत मिळून साठेक जोड गेले. पाचव्या महिन्यात चार. सहाव्यात एकही नाही. दहाव्या महिन्यात तिने पाटी उतरवून पलंगाखाली सरकवली.

तिला खात होतं ते वेगळंच. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "काकू, कोणी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला पत्ता असतो. ही शांतता कोणाच्या घरातून आली, तेच कळत नाही."

मी काय बोलले? "होतं असं धंद्यात," असं काहीतरी. आणि वर निघून आले.

तिचा नवरा म्हणाला, तुझ्या जिभेने गिऱ्हाईक पळवलं. ते तिला पटलं. त्या दिवसापासून ती गोड बोलू लागली. टाचणीचं गोड बोलणं कानाला सहन होत नव्हतं, वाघाने म्याव केल्यासारखं वाटायचं. इस्पितळामागच्या लाँड्रीत तिला इस्त्रीचं काम मिळालं. आठ-आठ तास उभं राहून चादरी, झगे, टेबलावरची कापडं. दीड वर्ष असं गेलं.

मग एका सोमवारी घरमालकाने सांगितलं की जिन्याखालची खोली झेरॉक्सवाल्याला द्यायची आहे, तुला परत हवी असेल तर शनिवारपर्यंत बोल. यंत्र अजून त्याच रिकाम्या खोलीत पडून होतं. ती गेली की ते ठेवायलाही जागा उरणार नव्हती, ते विकावं लागलं असतं. यंत्र गेलं म्हणजे सगळंच गेलं. नवरा त्या रात्री घरी होता. तो भला माणूस, पण मोजकं बोलणारा. म्हणाला, "घे की खोली. फक्त मागच्या वेळी कशाने बुडालं ते एकदा सांग. तेवढं सांगता येत नसेल तर पुन्हा बुडायला खोली कशाला हवी?"

तिला सांगता आलं नाही. हातात होते पाच दिवस.

मंगळवारी तिची सुट्टी. दुपारी ती माझ्या दारात उभी राहिली, हातात पिशवी.

"काकू, माझे बूट कसे होते?"

"छानच होते गं."

"मग घालत का नाही?"

"जपून ठेवलेत."

"आठ घरं फिरून आले. नर्सबाईंनी जपून ठेवलेत. शाळेच्या बाईंनी जपून ठेवलेत. न्हाव्याच्या बायकोनेही जपूनच ठेवलेत. मी बूट शिवले होते की दागिने घडवले होते?"

मी चहाचं विचारलं. ती आत आली, पण बसली नाही. भिंतीपाशी माझ्या डायऱ्यांचं कपाट आहे, तिकडे बघत म्हणाली, "तुम्ही रोज लिहिता ना? त्यात काय लिहिलंय?"

आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरनी दोन गोष्टी आमच्या हाडात मुरवल्या होत्या. कोणी हाताने केलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही. आणि डायरीत खोटं लिहायचं नाही. साठ वर्षं या दोन शिकवणी माझ्यात शेजारी शेजारी सुखाने नांदल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची एकमेकींशी गाठ पडली.

मी त्या वर्षाची वही काढली, चष्मा लावला आणि वाचू लागले.

'बूट आले. टाके फार सुबक.' हे ठीक होतं. पुढचा दिवस, 'बाजारात गेले. तीनच्या सुमारास उजवी करंगळी ठणकू लागली.' त्यानंतर, 'बँकेतून येताना बूट हातात घेऊन जिना चढले. कोणी पाहिलं नाही.' मी थांबले. ती म्हणाली, वाचा. 'दुपारभर दवाखान्यात रांग. सव्वातीनला बूट काढून पाय फरशीवर टेकवले, जीव आला.' मग ते पान आलं, ज्यावर एकाखाली एक दोन ओळी होत्या, 'करंगळीचा फोड फुटला.' आणि 'टाचणी जिन्यात भेटली. बूट फुलासारखे आहेत म्हणून सांगितलं.'

ते अक्षर माझंच होतं, शाई माझीच होती. लिहिताना मला काहीच वाटलं नव्हतं! अशा अकरा नोंदी निघाल्या. शेवटची होती, 'बूट माळ्यावर टाकले. आपले कापडीच बरे.'

आता ही ओरडेल, रडेल, निदान पिशवी आपटून जाईल, असं वाटलं. ती म्हणाली, "वेळा पुन्हा वाचा."

"तीन. तीनच्या सुमारास. सव्वातीन. तीन वाजून गेल्यावर."

"सकाळी एकदाही नाही?"

मी पानं उलटली. "नाही."

ती खाली बसली. "लाँड्रीत तीन वाजले की माझे पाय पेटतात. मी माझेच बूट घालते तिथे. मला वाटायचं इस्त्रीच्या वाफेने होतं." मग स्वतःच्या पायांकडे बघत हळूच म्हणाली, "सोळा वर्षं मी बसून शिवले, काकू. शिवलेल्या बुटात दिवसभर उभी कधी राहिलेच नाही."

तिने मला माळ्यावरून बूट काढायला लावले. वर्तमानपत्र पसरलं, पिशवीतून चामडं कापायची रापी काढली आणि मी "अगं, अगं!" म्हणेपर्यंत उजवा बूट टाचेपासून बोटांपर्यंत चिरला. स्वतःच्या हातचं काम असं कोणी फाडतं का? आतलं अस्तर सगळं नवं कोरं होतं, फक्त करंगळीच्या जागी घासून काळं पडलेलं, डाळीएवढं.

"पाय द्या."

त्याच वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला माझा पाय मावेना, म्हणून तिने कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि निळ्या पेन्सिलीने पाऊल आखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, कामावर जायच्या आधी, ती पुन्हा हजर. त्याच पानावर, त्याच जागी पाय ठेवायला लावून तिने तांबड्या पेन्सिलीने आखलं. पाय उचलला आणि आम्ही दोघी बघत राहिलो. तांबडी रेघ निळीच्या आत पडली होती. करंगळीपाशी अंतर तांदळाच्या दाण्याएवढं.

"दिवसभरात पाय फुगतो," ती म्हणाली. "आणि मी सगळ्यांचे पाय झोपेतून उठलेले मोजले." तिने त्या दाण्याएवढ्या जागेवर बोट ठेवलं. "एवढ्याशाने?"

पण एका म्हातारीच्या पायावरून तिची खात्री पटेना. बुधवारी संध्याकाळी ती मला बरोबर घेऊन निघाली. दारं उघडत होती, हसू येत होतं, "छानच आहेत हो" येत होतं. मग ती मला कोपराने ढोसायची आणि मी म्हणायची, "माझे चावत होते. मी हिच्याशी खोटं बोलले." पहिल्या दारात हे वाक्य तिने मला तीनदा ढोसून वदवलं. चौथ्या दारापर्यंत सवय झाली.

मग एकेका घरातून खरं बाहेर येऊ लागलं. नर्सबाईंचा जोड पलंगाखाली खोक्यात, कागदासकट. "ड्युटीवर घातले दोन दिवस, तिसऱ्या दिवशी लंगडत होते," त्या म्हणाल्या. "पण तुला कसं सांगणार? एवढी धडपडत होतीस." शाळेच्या बाईंनी धाकट्या बहिणीला दिले, बहिणीने नणंदेला, नणंदेने आणखी कोणाला तरी. जणू ते बूट कोणाच्या घरी वस्तीला राहायलाच तयार नव्हते. न्हाव्याच्या बायकोने तर मागच्या दाराला बुटांचा टेकू लावला होता. "दार फार आपटायचं हो," ती खाली मान घालून म्हणाली.

अठरा जोड जमले. जिन्यात ओळीने ठेवले. अठरा जोडांचे तळवे न झिजलेले! मी पायरीवरच बसले. मला वाटत होतं, खोटं बोलणारी मी एकटीच. इथे अख्ख्या इमारतीने मिळून एका बाईचा धंदा बुडवला होता, तोही गोड बोलून, तिचं मन दुखू नये म्हणून. आणि नवऱ्याने दोष दिला तिच्या जिभेला. जिभा दोषी होत्याच, पण आमच्या.

मी तसं बोलले. टाचणी बूट उलटेपालटे करत होती. तिने वर न बघता सांगितलं, "पुरे, काकू. मी काय विचारायचे? 'छान झालेत ना?' असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल? जबाबही मीच शिवून देत होते."

त्या आठवड्यात तिने सगळ्या अठरा जोडांच्या बायकांचे पाय संध्याकाळी आखून घेतले, सकाळच्या जुन्या मापांशेजारी. शनिवारी नवरा परत आला तेव्हा कागदांची चळत त्याच्यापुढे ठेवली आणि एका वाक्यात सांगितलं, "जिभेने नाही, मी पाय सकाळी मोजले म्हणून बुडालं." त्याने एकेक कागद बघितला. मग तो उठला आणि स्वतःच घरमालकाकडे गेला.

पाटी पलंगाखालून बाहेर आली. खाली एक ओळ वाढली, 'माप दुपारी चारनंतरच.' सकाळी कोणी आलं तर ती दारातूनच परत पाठवायची. लोकांना तो उद्धटपणा वाटला. गिऱ्हाईकही बदललं. लाँड्रीतल्या बायका, इस्पितळातल्या नर्सा, न्हावी, शाळेच्या बाई, म्हणजे दिवसभर उभं राहणारी माणसं. हाताखाली आता दोघी आहेत. त्यांना शिवायला बसवण्याआधी ती आठवडाभर बूट घालायला लावून दुकानात उभं ठेवते. आणि सगळ्यांना चक्रावून टाकणारा नियम म्हणजे, बूट आठ दिवस घालायचे, मग परत आणून एक तरी दोष सांगायचा. दोष सांगितल्याशिवाय बूट कायमचे मिळत नाहीत.

पहिला जोड तिने माझाच केला. आठ दिवसांनी मी खाली गेले. ती स्टुलावर बसली होती, मांडीवर हातोडी.

"बोला."

"छान..." मी म्हटलं. खरंच तोंडातून निघून गेलं.

तिने बूट माझ्या पायातून काढून घेतले. "उद्या या."

"अगं, मी अनवाणी वर जाऊ?"

"मागे गेला होतात की, बँकेतून येताना."

मी अनवाणी वर आले. त्या दिवशी डायरीत आधी लिहिलं, मग तेच पान घेऊन दुसऱ्या दिवशी खाली गेले आणि वाचून दाखवलं, 'जिना उतरताना डावी टाच मागून घासते.' 

तिने बूट फर्म्यावर चढवला, टाचेवर ओला फडका ठेवला आणि ठोकत बसली. बराच वेळ ठोकला. मग माझ्यापुढे वाकून तो स्वतःच्या हाताने पायात चढवला.

"पाऊल म्हातारं झालं, काकू," ती म्हणाली, "पण जीभ आता कुठे चालायला लागली."

दोन वर्षांनी जुनी टाचणी पुरती परत आली होती. मी तशीच बूट घालून बाजारात गेले, तिथून बँकेत, बँकेतून दवाखान्यात, रांगेत उभी राहिले.

त्या दिवसाच्या पानावर एकच ओळ आहे. 'तीन वाजून गेले. करंगळीला काही नाही.'