गुंड्याचा राग

साप पकडणाऱ्याकडे साप राहत नाही, किस्से तेवढे राहतात. आम्ही अमरावतीचे चार-पाच सर्पमित्र चहाला जमलो की कोणीतरी "ते गुंड्याचं सांग ना" म्हणतोच, आणि चहा थंड होतो.

गुंड्या म्हणजे धामणीचं पिल्लू. तिवस्याकडं एका संत्र्याच्या बागेत नायलॉनच्या जाळीत अडकून त्याची पाठ सोलली होती. वनखात्याच्या परवानगीनं जखम भरेपर्यंत ते आमच्या प्रवीणच्या घरी राहिलं. धामण बिनविषारी, पण पिल्लू भयंकर तापट! औषध लावताना प्रवीणच्या एका बोटाला चावलं. त्या बोटाला औषध लावेपर्यंत दुसऱ्या बोटाला.

प्रवीणची आई रिटायर्ड अंगणवाडी सेविका, गल्लीला तिचा धाक. तिनं उंबऱ्यातूनच सांगितलं, "या घरात तो राहीन, नाही तं मी."

दोघंही राहिले.

*

प्रवीणला पाहायला अकोल्याचे पाहुणे आले. साप जेवला की त्याला हात लावायचा नसतो, तो खाल्लेलं उलटून टाकतो. पण मुलीचे वडील "दाखवा, दाखवा" म्हणून मागंच लागले, आणि प्रवीणला तर तेवढंच पाहिजे होतं. गुंड्यानं अख्खा उंदीर त्यांच्या मांडीवर काढून ठेवला. पाहुणे पोहे अर्धे टाकून गेले.

आई प्रवीणवर जाम भडकली. आम्हाला वाटलं, स्थळ गेलं म्हणून.

"काहून काढलं त्याले? लेकराचं जेवण वाया गेलं ना!"

*

मग काय, आई डाळ निवडायला बसली की गुंड्याच्या डब्याचं झाकण उघडं. गुंड्या तिच्या मनगटावर चढून गप्प बसायचा. प्रवीणनं कौतुकानं ग्रुपवर व्हिडिओ टाकला. आमच्यात वयानं मोठे सुधाकरभाऊ तो पाहून थेट घरीच आले.

"याचा राग गेला, भेव गेलं," ते आईला म्हणाले. "उद्या कोनाच्याबी अंगणात जाईन अन् पह्यल्याच काठीत मरन."

आईचा चेहरा उतरला.

*

दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याला भीती घालायचं मनावर घेतलं. झाडू दाखवून अंगणवाडीतल्या आवाजात दरडावायची. सापाला त्यातलं काय कळणार! गुंड्या झाडूवर चढून बसला.

शेवटी सुधाकरभाऊंनी सांगितलं, हातच लावू नका. आईनं डबा जुन्या लुगड्यानं झाकला आणि त्या खोलीत जाणंच सोडलं. जेवला का, एवढंच दारातून विचारायची. "मले करमून नाही राह्यलं," एकदा मला म्हणाली. फार वाईट वाटलं.

*

जखम भरल्यावर वनखात्याचा माणूस सोबत घेऊन आम्ही सगळे तिवस्यापुढच्या नाल्यावर गेलो. प्रवीणनं पिशवी मोकळी केली. गुंड्या बाहेर आला आणि तिथंच थांबला. हालेना. सुधाकरभाऊंनी मान फिरवली.

आई पुढं झाली, खाली बसली आणि पूर्वीसारखा हात समोर धरला.

गुंड्यानं मान उचलली, तिच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला आणि सरसर गवतात निघून गेला.

प्रवीण कापूस शोधायला लागला. आई रक्ताकडं पाहत होती, डोळे पुसत होती आणि हसत होती.

"चावला रे मले," ती म्हणाली. "आता नाही मरत तो."