पंख्याखालची खुर्ची

पिपरी मेघेत आमच्या पोरांचं थेरपी सेंटर आहे. आत पोरं व्यायाम करतात, बाहेर बाकड्यावर आम्ही आईबाप गप्पा हाणतो. तिथं इतके किस्से साचलेत की झाडूवाल्या मावशीही लवकर घरी जात नाहीत!

आमचा एक नियम आहे. आठवड्यातला सगळ्यात भारी फुकट सल्ला नाहीतर सांत्वन ज्याला मिळालं, त्याला पंख्याखालची एकुलती एक खुर्ची. वर्ध्याचा उन्हाळा आहे राजेहो, खुर्चीची किंमत समजून घ्या!

पहिल्यांदा ती मीच जिंकली. माझी पिहू आठ वर्षांची, बोलत नाही. बसस्टँडवर एका अनोळखी काकूंनी मला बाजूला घेतलं. "पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घाला हिले!"

मी म्हटलं, "घातला काकू. आता पोपटच बोलत नाई!"

मग वानखेडे सर आले आणि खुर्ची सोडेचनात. सर गणित शिकवतात, त्यांच्या आरवला डाउन सिंड्रोम आहे. एका पाहुण्यानं विचारलं, "सर, तुमी तं एवढे शिकेल, मंग हे कसं झालं?"

सर म्हणाले, "पोर्शन बाकी राह्यला असन!"

पुढच्या आठवड्यात एक बाई सांत्वनाला सरांच्या घरी आली आणि सोफ्यावर बसून हमसून हमसून रडली. शेवटी आरवनंच तिला पाणी आणून दिलं, पाठ थोपटली. खुर्ची पुन्हा सरांना!

सिंदी मेघेची सुनीताताई मात्र कधीच जिंकली नाही, कारण ती कुठे जातच नसे. तिचा चिकू सहा वर्षांचा. चालता येत नाही, आनंद झाला की जोरात ओरडतो. आता सख्ख्या भावाचं लग्न हिंगणीला, तरी बाई अडून बसलेली.

"लोकं पाह्यतात, मंग मलेच रडू येते. नाई जात मी."

"जा न ताई," सर म्हणाले, "या वेळी खुर्ची तुमचीच!"

गेली बिचारी. खरं सांगतो, तिच्यापेक्षा आमचाच जीव टांगणीला. सोमवारी आल्या आल्या आम्ही तिला घेरलं. "काय सल्ला भेटला?"

"काईच नाई."

"कोणीच काई बोललं नाई?"

"चिकूनं मंगलाष्टकातच आरोळी ठोकली. साऱ्यांनी वळून पाह्यलं. मले वाटलं, उठून पळावं. शेजारी नवरीकडची एक म्हातारी होती, ओळख ना पाळख. म्हने, 'पोरगं खुश आहे वाटते! दे माह्या मांडीवर. तू जाऊन जेव आधी.'"

"मंग?"

"दोनदा वाढून घेतलं, भाऊ. चिकू झाल्यापासून पहिल्यांदा गरम वरण जेवली मी."

वानखेडे सर उठले आणि खिशातल्या रुमालानं खुर्ची पुसू लागले.