अक्कांच्या मळ्यातली गाठींची सुतळी

लग्न होऊन बेळगावहून बंगळूरला आले, तेव्हा इथे आपल्या घरात भाजी विकत घेत नाहीत हे ऐकून मला फार नवल वाटलं. सत्तावन-अठ्ठावन साल असेल. आमच्या गल्लीतली आणि मागच्या रस्त्यावरची मिळून वीसेक मराठी घरं शहराबाहेर येलहंक्याजवळच्या एका मळ्याची सभासद होती. संक्रांतीला वर्षाची वर्गणी द्यायची आणि मग मळ्यात जे पिकेल ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं. कीड पडली तर सगळ्यांच्याच पानात कमी. पोस्टातून निवृत्त झालेल्या एका अण्णांनी ही पद्धत बसवली होती.

मे महिन्यात मळा असा भरून यायचा, की तिथला गडी आणि त्याची बायको, दोघांच्याने तोडणी उरकायची नाही. मग रविवारी सकाळच्या गाडीने सभासदच डबे-पिशव्या घेऊन तोडायला जायचे. मीही ह्यांच्याबरोबर गेले.

मळा एका विधवा बाईंचा होता. सगळे त्यांना अक्का म्हणत. साठीच्या, उंच, अनवाणी चालणाऱ्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे बोलणं मराठीच पण अर्धं कन्नड. मला म्हणाल्या, "नवी आलीस काय? सरी, बरं झालं. स्वल्प बसून घे, मग पडवळाकडे जा."

पडवळं सरळ वाढावीत म्हणून त्यांच्या टोकांना दगड बांधले होते. मी असं कधी पाहिलं नव्हतं. मी एकेक गोष्ट विचारत सुटले आणि अक्का न कंटाळता सांगत गेल्या. एक प्रश्न मात्र त्यांनी उडवून लावला. वाफ्यांच्या कडेने, गुडघ्याच्या उंचीवर, खुंट्यांना बांधून सुतळी नेली होती. तिला मध्ये मध्ये गाठी होत्या.

"हे कशाला, अक्का?"

"गुरं शिरू नयेत म्हणून."

एवढ्याशा सुतळीला कुठलं जनावर भिणार? माझ्या डोक्यात ते घोळत राहिलं. पुढच्या रविवारी मी भेंडी तोडता तोडता त्यांच्यावरच नजर ठेवली. वांग्याच्या वाफ्याशी सुतळीला एक गाठ होती, भेंडीशी दोन, काकडीशी तीन. अक्का चालताना हात सुतळीवरून ओढत न्यायच्या. भोपळा टिचकी मारून, कान लावून बघायच्या. काकडीचा वास घ्यायच्या. त्यांनी कुणाकडे रोखून पाहिल्याचं मला आठवेना.

मग मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. वांग्यांची टोपली कमरेवर घेऊन त्या बांधावरून येत होत्या. मी वाटेत जाऊन उभी राहिले, गप्प, श्वास रोखून. त्या सरळ आल्या आणि माझ्यावर आदळल्या. टोपली पडली, वांगी चहूकडे घरंगळली.

"माझं लक्षच नव्हतं हो," मी म्हटलं.

अक्का खाली बसून हाताने चाचपत वांगी गोळा करू लागल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मुद्दाम उभी राहिलीस ना? बायका आल्या की बांगड्या वाजतात. तू धरून ठेवल्या होत्यास."

मला रडूच आलं. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. उजेड-अंधार कळायचा, माणूस सावलीसारखा दिसायचा, भर उन्हात तेवढाही नाही. सुतळीच्या गाठी मोजून त्या वाफा ओळखायच्या. गड्याशिवाय आणि त्याच्या बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"ऑपरेशन करतात की आता," मी म्हटलं.

"करतात. आठ दिवस पट्टी बांधून उताणं पडायचं, मग महिनाभर वाकायचं नाही. तेवढ्यात मळ्याचं काय? आणि आंधळीचा मळा म्हटल्यावर संक्रांतीला कोण येईल?"

"सांगून तर बघा. मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा."

त्या टोपली उचलून निघून गेल्या. पण दुपारी चिंचेखाली सगळे जेवायला बसले, काकडीची कोशिंबीर आणि सांबार-भात वाढून झाला, आणि अक्का उभ्या राहिल्या. "मला दिसत नाही," एवढंच म्हणाल्या. मग बाकीचं.

कुणी घास उचलेना. एक बाई चिडून म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षं आम्ही न बघता तोडलेलं खात होतो?"

पोस्टातल्या अण्णांनी कोशिंबिरीतली काकडीची फोड उचलून तोंडात टाकली. "दोन वर्षांत एक तरी कडू निघाली का तुमच्याकडे?"

त्या बाईंनी पुन्हा घास घेतला. आणि गंमत म्हणजे, ऑपरेशनच्या वेळी इस्पितळात पहिल्या रात्री अक्कांजवळ राहायला त्याच गेल्या.

तो जून आम्ही पाळ्या लावून मळा सांभाळला. गडी सांगायचा, आम्ही राबायचो. मला तर रोज काही नवं कळायचं. कारल्याचं फूल सकाळी उमलून संध्याकाळी मिटतं, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. पण त्या उत्साहातच माझ्या हातून घात झाला. एका वेलाच्या टोकाला एकच भलामोठा दुधी लटकत होता, देठाला चिंधी बांधलेला. चिंधी कशाची हे, एरवी सतरा प्रश्न विचारणारी मी, विचारलं नाही. तो कापला आणि मिरवत घरी आणला. तो बियांसाठी राखलेला होता. आतलं बी अजून कोवळं, पांढरं होतं. ते पेरूनही काही उगवलं नाही.

डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा लागल्यावर अक्का आगगाडीने शहरात आल्या. आपली भाजी खाणारी माणसं कुठे राहतात, कशी दिसतात, हे त्यांना बघायचं होतं. दोन दिवसांत त्यांनी सगळ्यांची स्वयंपाकघरं पाहिली. आमच्या दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अय्यो, एवढीच आहेस होय तू! आवाजावरून मला धिप्पाड वाटली होतीस."

मी हसले, पण दुधीचं सांगायचंच होतं. खाली मान घालून सांगितलं.

"गड्याने सांगितलं मला." चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला. "माझ्या सासूच्या हातचं बी होतं ते. ती गेल्यावर मी राखलं."

दुसरीकडून बी आणू म्हणावं, तर ते हे नव्हे. अक्का आत येऊन पाटावर बसल्या. त्यांनी मला समजावलं नाही आणि रागावल्याही नाहीत. तो दुधी पुढे त्या मळ्यात कधी झाला नाही.

मग त्यांची नजर माझ्या विळीकडे गेली. शेजारी दोडक्याच्या साली पडल्या होत्या. त्यांनी एक उचलली, उजेडात धरून पाहिली.

"एवढी जाड साल काढतेस?" त्या म्हणाल्या. "सरक जरा. विळी इकडे दे."