मथुरेचं ऐकीव पुस्तक

कॉटनपेटच्या मथुरेची मराठी जिभेवर होती, डोळ्यांत नव्हती. माहेर-सासर दोन्ही बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली मराठा घरं. घरात बोलणं मराठी, तेही निम्मंअर्धं कानडीत भिजलेलं, आणि शाळा मात्र कानडी. त्यामुळं बाळबोध अक्षर तिला वाचता येत नसे. नवरा मानसिंग बेळगावात मामाकडं शिकलेला, तो मराठी घडाघडा वाचायचा. म्हणून मराठीत जे काही छापलेलं असेल ते तिला त्याच्या तोंडूनच कळायचं. तिला त्यात कमीपणा वाटत नसे आणि त्यालाही त्याचा तोरा नव्हता. माणूस सरळ होता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक उगीच त्याच्या नावानं बोटं मोडतात.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात त्यांचा परसू विषमज्वरानं गेला. एकुलता एक, सहा वर्षांचा. तेराव्यानंतर पाव्हणे पांगले आणि घर खायला उठलं. मथुरेला बोलायचं होतं. परसू कसा रुसायचा, झोपेत काय पुटपुटायचा, तापात शेवटी काय मागत होता, सगळं नवऱ्याजवळ बसून बोलायचं होतं. शेजारीपाजारी येऊन चुकचुकत, पण पोर त्या दोघांचं होतं, तिसऱ्याला त्यातलं काय डोंबल कळणार! ती बोलायला लागली की मानसिंग उठायचा आणि दारात जाऊन पाठमोरा उभा राहायचा.

मग एका रविवारी तो मराठी वाचनालयातून एक पुस्तक घेऊन आला. दुःखावर मात कशी करावी, मनाला वळण कसं लावावं, असल्या धर्तीचं. तेव्हा तसल्या पुस्तकांचं भारी खूळ निघालं होतं. वाचनालयाचे ग्रंथपाल भीमाचार्य मोठे शिस्तीचे. पुस्तक परत करताना रविवारच्या बैठकीत उभं राहून चारचौघांत अभिप्राय द्यायचा, मगच दुसरं पुस्तक हाती पडायचं. पोस्टातल्या शेषगिरीनं अभिप्राय दिला होता, की हे वाचल्यापासून साहेबापुढं माझी बोबडी वळत नाही. आता तो खाष्ट साहेबच बदलून गेला होता, ही गोष्ट वेगळी! प्राणेश नावाच्या दुकानदाराची म्हणे गेलेली भूक परत आली. हे ऐकून मानसिंगनं पुस्तक घरी आणलं.

रोज दिवेलागणीला तो पान-दोन पानं मथुरेला वाचून दाखवू लागला. मागं वळून पाहू नये, गेलेल्याचं नाव घरात काढू नये, त्याच्या वस्तू नजरेआड कराव्यात, मन कामात गुंतवावं. मथुरा मान खाली घालून ऐकायची. छापलेलं म्हणजे जाणत्या माणसानं विचार करून लिहिलेलं, असा तिचा भाबडा भरवसा. परसूचे कपडे तिनं स्वतःच्या हातानं देऊन टाकले. रडू अगदीच अनावर झालं तर न्हाणीत जाऊन पाण्याचा आवाज करायची आणि बाहेर आल्यावर आपण नियम मोडला म्हणून स्वतःलाच बोल लावायची. शेजारच्या गोजराबाई एकदा परसूची काहीतरी आठवण सांगायला लागल्या, तर हिनंच त्यांना थांबवलं. नको अक्का, म्हणाली, पुस्तकात नको म्हटलंय.

लोक म्हणायचे, बाई धीराची. मानसिंगनं बैठकीत उभं राहून सांगितलं की पुस्तक उत्तम आहे, आमच्या घरात आता रडणं उरलेलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुस्तकाला मागणी वाढली. वर्षं सरली. दुसरं मूल काही झालं नाही. त्या घरात परसूचं नाव कुणी घेतलं नाही.

एका संक्रांतीला वाचनालयात बायकांना तिळगूळ होता आणि बैठकही त्याच दिवशी होती. धारवाडकडून नव्यानं आलेल्या सकवारबाई अभिप्राय द्यायला उभ्या राहिल्या. शाळामास्तरीण, विधवा, जीभ तिखट. त्यांच्या हातात तेच पुस्तक होतं. त्यांनी त्याची पार पिसं काढली. म्हणाल्या, लेखकाला संसार ठाऊक नाही, निम्मं पुस्तक म्हणजे नुसती हवा. एक पहिला धडा तेवढा सोन्याचा. मग चष्मा सारखा करून त्यांनी तो सगळ्यांना वाचूनच दाखवला.

"आधी रडा. ज्याला तेच दुःख आहे त्याच्याजवळ बसून, गेलेल्याचं नाव घेऊन रडा. हे झाल्याशिवाय पुढचं पान उलटू नका."

मागच्या सतरंजीवर बसलेल्या मथुरेनं हा धडा कधीच ऐकला नव्हता. तिनं पुरुषांच्या बाजूला पाहिलं. मानसिंग खाली बघत होता.

घरी आल्यावर तिनं दार लावलं आणि मग विचारलं, "हा धडा मला का नाही वाचून दाखवलात?"

तो चपलाही न काढता तसाच उभा. "मला झेपला नसता मथुरा. पहिली ओळ वाचली आणि पान उलटलं. तुझ्यापुढं रडलो असतो तर परत उभा राहिलो नसतो."

तिला संताप आला, का येऊ नये? इतकी वर्षं ती न्हाणीत एकटी रडली आणि वर स्वतःलाच गुन्हेगार समजली. पण समोरचा माणूस पार खचलेला दिसत होता. तिनं चटई अंथरली.

"सरी, बरं. स्वल्प बसा इथं," ती म्हणाली. "आता तरी परसूचं बोलू."

तो बसला आणि परसूचं नाव घेऊन लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडला. तीही रडली, मनसोक्त, त्याचा हात धरून. मग डोळे पुसून तिनं सुरुवात केली. आंबील नको असली की परसू काहीतरी म्हणायचा, दोघांनाही हसू यायचं असं काहीतरी. काय ते? तिला आठवेना. मानसिंगनं कपाळ चोळलं, त्यालाही आठवेना. झोपेत तो काय पुटपुटायचा, तेही गेलं होतं. आवाज कसा होता, म्हणून दोघांनी कान दिला, तर शेजारच्याच पोरांचा गलका ऐकू आला.

"गालावरचा तीळ तरी," मानसिंग घाईनं म्हणाला. "उजव्या गालावर होता बघ."

"डाव्या," मथुरा म्हणाली.

दोघंही अगदी खात्रीनं सांगत होती. खरं-खोटं करायला घरात एकही फोटो नव्हता. मानसिंगनं आपल्याच गालाला हात लावून पाहिला, मग दुसऱ्या गालाला, आणि हात खाली पडू दिला.

"रोज बोलत राहिलो असतो," मथुरा म्हणाली, "तर एकाचं चुकलेलं दुसऱ्यानं सुधारलं असतं हो."