धुतलेली कमान

आम्ही घरचे बौद्ध. चमत्कार मानत नाही. त्रिसरणही मी बहुतेकदा इथे परदेशात, वेरिबी गावाजवळच्या फ्रीवेवर, एक डोळा स्पीड कॅमेऱ्यावर ठेवून उरकतो. तेव्हा पुढचं वाचून काय समजायचं ते तुम्हीच समजा.

इंग्लंडच्या कुठल्याशा खेड्यातलं आठशे वर्षांचं पडकं चर्च कुणा हौशी माणसाने पूर्वी दगड-दगड सुटं करून जहाजाने आणलं आणि इथल्या माळावर पुन्हा उभं केलं. आता त्याच्या दाराची कमान फुगली होती. दुरुस्तीच्या कामावरच्या आम्ही गवंड्यांनी तिचे एकवीस दगड उतरवले. मुकादम ग्रॅहमने प्रत्येकावर खडूने नंबर टाकला आणि मला म्हणाला, "फोटो काढून ठेव, मेट." त्यावरूनच कमान परत जुळायची होती. पण फोटोला बसायचं तर अंघोळ करून, ही माझ्या आईची शिस्त. मी पाइप आणला, ब्रश आणला, सगळे दगड लख्ख घासले. कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा कळलं, नंबर पाण्याबरोबर गवतात गेले.

ग्रॅहम ओरडला नाही, तेच वाईट. "उद्या क्रेन येईल. तोवर जुळली तर ठीक, नाहीतर सिमेंटची तुळई टाकू," म्हणून चहाला गेला. आठशे वर्षं टिकलेली कमान माझ्या स्वच्छतेने मरणार होती. दोन तास मी दगड मापले, फिरवले. दिसायला सगळे सख्खे भाऊ, आणि भावांसारखेच एकमेकांशेजारी बसायला नाखूश. शेवटी गवतात बसलो. 'सरणं गच्छामि' तोंडून आलं, आणि पहिल्यांदाच मनापासून. दुसरीकडे जायला जागाच उरली नव्हती.

कुंपणापाशी कुत्रा फिरवणारी एक म्हातारी थांबली. म्हणाली, "जन्मभर थडग्यांचे दगड कोरलेत मी. धुतलेस ते बरं केलंस. आता हात लावू नकोस, ऊन उतरू दे."

हात न लावणं! इतकं अवघड काम मला कुणी दिलं नव्हतं. पण ऊन तिरपं झालं आणि दगडांच्या बाजूंवर, इतकी वर्षं चुन्याखाली दडलेल्या बारीक रेघा उठून आल्या: कुठे फुली, कुठे माशाचा काटा. शेजारी बसणाऱ्या दोन बाजूंवर एकच खूण. जुन्या पाथरवटांनी माझ्यासारख्यांची सोय करून ठेवली होती. अंधार पडण्याआधी एकवीसही दगड गवतावर ओळीने लागले. "नो वरीज," ग्रॅहम म्हणाला, "पण पाइपला परत हात लावलास तर बघ."

कमान उभी आहे. म्हातारीचं नाव विचारायचं मात्र राहिलं. तिचे आभार इथेच मानतो. त्या दिवशी माझ्या हातून एकच शहाणपणाची गोष्ट झाली, ती म्हणजे मी थांबलो. त्रिसरण आता गाडी बाजूला घेऊन म्हणतो.